सॅन फ्रान्सिस्को ते मोपा: एका मंगळवारचा हिशोब

जुलै 2024 मधला मंगळवार. पहाटे 5 वाजून 10 मिनिटांनी मास्तर गेले. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्य घालवलं, मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो. थोरला मुलगा कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सनीवेलला. मुलगी गडचिरोलीला, जावई वनखात्यात. मी म्हापशात गेली वीस वर्षं विमानाच्या तिकिटांचं काम करतो, त्यामुळे पावणेसहाला फोन मला आला. मास्तरांचे थोरले भाऊ बोलत होते, सगळा गाव त्यांना मोठे काका म्हणतो. "पोरगा कधी पोचेल तेवढं सांग रे. त्यावर सगळं ठरायचंय."

हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे आणि एकदा त्याचं उत्तर चुकीचं दिलं आहे. ते पुढे येईलच. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी आज लांब आहे. कोणी बोटीवर, कोणी आखातात, कोणी इंग्लंडात, कोणी अमेरिकेत. दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ मोबाइलवर चुटकीसरशी सापडतो. सापडणारा आकडा बहुतेक वेळा खोटा नसतो. पण त्याच्या भरवशावर घरात जे निर्णय घेतले जातात, ते फसतात. घरच्यांना विचारून लिहितो आहे. नावं घातलेली नाहीत.

सतरा तास बेचाळीस मिनिटं

मी गावात पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. पाऊस कोसळत होता, पावळ्यांखाली छत्र्या आणि चपलांची रांग लागली होती. सोप्यावर माणसं दाटीने बसली होती. मास्तरांच्या पुतण्याने मोबाइलवर शोधून ठेवलंच होतं: अंतर 13,840 किलोमीटर, विमानप्रवास 17 तास 42 मिनिटं. मोठ्या काकांनी पाचमध्ये अठरा मिळवले आणि रात्री अकराचा ठोका काढला. "अकरापर्यंत येतो. रात्रभर बर्फ ठेवू आणि सकाळी आठला नेऊ." हा निरोप दोन वाड्यांवर गेलाही होता. सावंतवाडीच्या पाहुण्यांना फोन झाला होता, स्मशानात लाकडं टाकायला माणूस निघायच्या बेतात होता.

मी पुतण्याला बाजूला घेऊन तो आकडा पाहिला. अंतर बरोबर होतं. असली पानं पृथ्वीच्या गोलावरचं दोन ठिकाणांमधलं सर्वांत जवळचं, म्हणजे वक्र रेषेचं अंतर काढतात. वेळ काढताना मात्र एक सरसकट वेग धरला जातो, बहुधा तासाला 500 मैल, म्हणजे सुमारे 805 किलोमीटर. 13,840 ला 805 ने भागलं की 17 तास 12 मिनिटं येतात. चढण्या-उतरण्याचा म्हणून त्यात अर्धा तास मिळवला की झाले 17 तास 42 मिनिटं. गणितात चूक काहीच नाही. फक्त ज्या विमानाला एवढा वेळ लागेल, ते विमानच नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून गोव्याला थेट कोणी उडत नाही. कुठेतरी उतरून दुसरं विमान धरावंच लागतं, आणि ते धरण्यात जाणारा वेळ त्या आकड्यात एक मिनिटही नसतो.

दुसरी गफलत आणखी साधी होती. काकांनी घड्याळ मास्तर गेले त्या क्षणी सुरू केलं होतं. पण बातमी कळल्या कळल्या माणूस आकाशात नसतो. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. इथे मंगळवारची पहाट होती तेव्हा तिथे सोमवारचे दुपारचे 4 वाजून 40 मिनिटं झाली होती. मुलगा ऑफिसात होता, पासपोर्ट घरी होता आणि संध्याकाळच्या गर्दीने हमरस्ता तुंबायला लागला होता.

तीन वाटा

पावणेसहा ते सात या वेळात, गाडी चालवणाऱ्या भाच्याच्या शेजारी बसून, मी मुलाशी फोनवर तीन वाटा तपासल्या.

एक दोहामार्गे. ही वाट एरवी मला फार आवडते. सॅन फ्रान्सिस्को ते दोहा सुमारे 13,000 किलोमीटर, तिथून मोपा, म्हणजे आमच्या पेडण्यातला विमानतळ, 2,540. एकूण 15,540, म्हणजे सरळ अंतरापेक्षा 1,700 किलोमीटर जास्त. तरी वयस्कर माणसांना मी हीच सुचवतो, कारण दोहाला विमान बदलताना इमिग्रेशन करावं लागत नाही. पासपोर्टवर शिक्का बसतो तो थेट मोपाला, आणि सामानही तिथेच हाती येतं. पण त्या दिवशीचं विमान त्याला गाठता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानाने तो गुरुवारी पहाटे पोचला असता.

दुसरी मुंबईची. त्या रात्री तिकडे जायला सोयीचं काही नव्हतं. असतं तरी मी कचरलो असतो, त्याला कारण आहे. मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानं टर्मिनल 2 ला उतरतात आणि देशांतर्गत विमानांपैकी बरीचशी सांताक्रूझच्या टर्मिनल 1 वरून सुटतात. दोन्हींच्या मध्ये काही किलोमीटरचा शहरी रस्ता आहे. काही वर्षांपूर्वी डिचोलीच्या एका घरच्यांना, असंच कोणी गेलं तेव्हा, त्यांच्या परदेशातल्या मुलासाठी मी दोन वेगवेगळी तिकिटं काढून दिली होती, एक मुंबईपर्यंतचं आणि एक मुंबईहून पुढचं. मध्ये तीन तास होते, कागदावर पुरेसे. विमान तासभर उशिरा आलं, इमिग्रेशनची रांग लांब निघाली, पट्ट्यावर बॅग यायला पाऊण तास लागला आणि पावसात अडकलेली टॅक्सी टर्मिनल 1 ला पोचली तेव्हा पुढच्या विमानाचं दार बंद झालं होतं. तिकिटं वेगळी असल्याने पुढच्या कंपनीवर त्याला दुसऱ्या विमानात बसवायची काही जबाबदारी नव्हती. इकडे घरच्यांनी मी सांगितलेल्या वेळेवर विसंबून माणसं बोलावली होती. ती ताटकळली, ऊन कलायला लागलं, आणि शेवटी मुलासाठी न थांबता नेलं. तो संध्याकाळी घरी आला तेव्हा अंगणात गोमूत्र शिंपडून झालं होतं. त्याने मला एक शब्द विचारला नाही. ती चूक माझी होती, विमानाची नाही आणि पावसाचीही नाही. तेव्हापासून मी अशा कामात एकच नियम पाळतो: सगळा प्रवास एकाच तिकिटावर, आणि घरच्यांना सांगायची वेळ ती, जिच्या पुढे उशीर होणार नाही.

तिसरी वाट दिल्लीची. रात्री नऊला सॅन फ्रान्सिस्कोहून सुटणारं थेट विमान, साधारण सोळा तास. दिल्लीला टर्मिनल 3 मध्येच आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत दोन्ही विमानं आहेत, पुढचं विमानही तिथूनच होतं. पहाटे 5 वाजून 50 मिनिटांनी सुटणारं. जागा होत्या, एकाच तिकिटावर मिळत होत्या. मी त्याला सांगितलं, "हेच काढ. आणि बॅग विमानाच्या पोटात टाकू नकोस. पाठीवर मावेल तेवढंच घे." भारतात ज्या पहिल्या विमानतळावर उतरतो तिथे इमिग्रेशन आणि कस्टम दोन्ही करावं लागतं. तिकीट मोपापर्यंतचं असलं तरी सामान तिथे उतरवून घ्यावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं. पट्ट्यापाशी उभं राहण्याचा वेळ वाचवायचा तर पट्ट्यावर काही नसलेलं बरं.

तिकीट निघाल्यावर त्याने त्याची प्रत पाठवली. मी शेवटच्या ओळीतली तीन अक्षरं दोनदा वाचली: जीओएक्स. म्हणजे मोपा. जीओआय असतं तर दाबोळी. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून प्रवाशांसाठी सुरू झाला, तेव्हापासून गोव्याला दोन विमानतळ आहेत आणि तिकिटावर दोन्ही ठिकाणी शहराचं नाव गोवाच येतं. पेडण्याच्या माणसाला मोपा म्हणजे अर्ध्या तासाच्या आतलं काम. दाबोळी म्हणजे म्हापसा, पणजी आणि झुवारी नदी पार करून जवळजवळ दोन तास. दाबोळी मुळात नौदलाचा तळ. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास तिथली धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली असते, त्यामुळे सकाळचं विमान रखडलं तर आणखी रखडतं. या कामाला मोपाच हवं होतं.

सोप्यावर

मी मोठ्या काकांजवळ जाऊन बसलो. "काका, उद्या सकाळी दहाच्या आधी तो दारात येत नाही. आणि लोकांना वेळ सांगायची तर दुपारी एकची सांगा."

काका चिडले. त्यांचंही चुकलं नव्हतं. सत्तर ओलांडलेला माणूस, पाठचा भाऊ गेलेला. "अठरा तासांचा प्रवास आणि तू मला तीस तास सांगतोस? मोबाइलात काय खोटं लिहितात?"

"खोटं नाही. ते नुसतं उडण्याचं आहे. बाकीचं मी सांगतो." मग मी बोटांवर मोजून दाखवलं. विमान सुटेल ते आपल्याकडचे सकाळचे साडेनऊ. सोळा तास धरले की रात्री दीड, दिल्ली. तिथे शिक्का, तपासणी आणि पुढच्या विमानाची वाट मिळून चार तास वीस मिनिटं. मोपाला साडेआठ. बाहेर पडून घर गाठायला, पावसाचा रस्ता धरून, सव्वा तास. पावणेदहा. हे सगळं जुळून आलं तर. त्यावर तीन तास राखून ठेवायचे, कारण चार ठिकाणी खोळंबा होऊ शकतो आणि चारांपैकी एका तरी ठिकाणी होतोच.

काका गप्प झाले. पण खरा प्रश्न त्यांनी नाही, आत बसलेल्या मास्तरांच्या बहिणीने विचारला. "मग वहिनीने तोपर्यंत तोंडात काही घालायचं नाही?"

सगळं प्रकरण इथे येऊन थांबत होतं. काकींना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, साखरेचा त्रास, दोन वेळा इन्सुलिन. माणूस घरात असेपर्यंत चूल पेटत नाही. रात्री अकराला मुलगा येऊन सकाळी आठला उरकणार असेल, तर बायका कसंबसं निभावून नेतात. पण दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, म्हणजे तीस-बत्तीस तास, इन्सुलिन घेणाऱ्या बाईला उपाशी ठेवणं जिवावर बेतलं असतं. बर्फाचंही तेच. जुलैतल्या दमट हवेत घरी बर्फावर एक रात्र निघते, दीड दिवस निघत नाही. आकडा अकराचा की दहाचा यावर घरातले दोन मोठे निर्णय उलटसुलट होत होते. म्हणून मी सोप्यावर तो हट्टाने मांडला, एरवी अशा वेळी माणसाने गप्प बसावं.

साडेआठपर्यंत दोन्ही ठरलं. मास्तरांना म्हापशाच्या शवागारात हलवलं. शेजारच्या घरातून पेज आली आणि काकांनी स्वतः वाटी काकींच्या पुढे ठेवली. "तो येईपर्यंत तुला उभं राहायचं आहे," एवढंच ते म्हणाले.

फुलांचा दोरा

दुपारी तीनच्या सुमारास काकींनी मला आत बोलावलं. "तो आता कुठे असेल रे?"

पुतण्या मोबाइलवर विमान पाहत होता, पण सपाट नकाशावरची ती पिवळी खूण कॅनडाच्या वर कुठेतरी गेल्यावर घरातले सगळे गोंधळले होते. गोव्याला यायचं तर हा उत्तरेला कुठे चालला? कोणी म्हणालं, विमान भरकटलं असेल. ते काकींच्या कानावर गेलं होतं.

मास्तरांच्या खोलीत टेबलावर त्यांचा पृथ्वीगोल होता. पत्र्याच्या पायावरचा, जुना, एका बाजूला चेपलेला. सोव्हिएत युनियन त्यावर अजून एकसंध गुलाबी रंगात आहे. याच गोलावर त्यांनी आम्हाला अक्षांश-रेखांश शिकवले. बाहेर मुली हार ओवत होत्या, त्यांच्याकडून मी हातभर दोरा मागून घेतला. एक टोक गोव्यावर धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि काकींना सांगितलं, "मधला दोरा तुम्ही ओढा."

त्यांनी पहिल्यांदा तो आडवा धरला, भिंतीवरच्या नकाशात दिसतो तसा, अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक. दोरा सैल पडला. मी म्हटलं, ताणा. ताणल्यावर तो आपोआप वर सरकला आणि गोलाच्या डोक्यापाशी जाऊन घट्ट बसला. गोव्याहून किंचित पूर्वेला झुकत उत्तरेला, दिल्लीच्या जवळून, हिमालय, त्या गुलाबी सायबेरियाच्या वरच्या काठावरून जवळजवळ 75 अंश उत्तरेपर्यंत, आणि तिथून अलास्काच्या अंगाने खाली. काकी बराच वेळ त्या दोऱ्यावरून बोट फिरवत होत्या.

मलाही तेव्हाच एक गोष्ट नीट उमगली. दिल्ली या दोऱ्यापासून शंभर किलोमीटरही लांब नाही. सॅन फ्रान्सिस्को ते दिल्ली सुमारे 12,380 आणि दिल्ली ते मोपा 1,460. बेरीज 13,840, म्हणजे सरळ अंतराएवढीच. दिल्लीला उतरण्यात किलोमीटर वाया जात नव्हता. वाया जात होता तो फक्त जमिनीवरचा वेळ.

विमान नेमकं या दोऱ्यावरून जात नाही, हेही काकींना सांगितलं. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि तिथे तर डोंगरच त्याहून उंच आहेत. म्हणून त्या भागावरून शक्यतो जात नाहीत. 2022 पासून अमेरिकेच्या आणि युरोपच्या बहुतेक कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे, भारतीय विमानांना मात्र ते उघडं होतं. शिवाय वारा. वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा झोत असतो, तो पाठीवर मिळाला तर लांबची वाट लवकर संपते. वैमानिक रोज वारा पाहून वाट ठरवतात. त्या दिवशी कॅनडाच्या वरून आर्क्टिककडे. बेंगळुरूची तर नोंदच आहे: जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सोबतच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला उत्तर ध्रुवावरूनच विमान आणलं होतं. दोन शहरांमधलं सरळ अंतरच सुमारे 14,000 किलोमीटर.

"म्हणजे वाट चुकला नाही ना?" काकी म्हणाल्या.

"नाही. इथे आहे," मी कॅनडाच्या वरच्या बेटांपाशी बोट ठेवलं. "सव्वादहाच्या पुढे उडाला, पाऊण तास उशिरा. आता साडेचार तास झाले. अजून अकरा."

त्यांनी दोऱ्याला त्या जागी अबोलीचं एक फूल अडकवलं. पुढे दर दोन तासांनी कोणीतरी आत जाऊन ते फूल थोडं पुढे सरकवत होतं. आर्क्टिकवर विमानाची खूण मोबाइलवरून नाहीशी झाली तेव्हा पुतण्या घाबरला, पण तिकडे जमिनीवरून संकेत पकडणारी केंद्रं विरळ असतात, म्हणून असं होतं. फूल मात्र सरकत राहिलं.

गडचिरोली

मुलीबद्दल कोणी विचारलंच नाही, कारण ती देशातच होती. गडचिरोली ते मोपा सरळ रेषेत सुमारे 815 किलोमीटर. ती सकाळी साडेसातला निघाली, भर पावसात चार तासांनी नागपूरला पोचली, थेट विमानात जागा नव्हती म्हणून मुंबईमार्गे आली, आणि रात्री साडेदहाला दारात उतरली. वडील गेल्यापासून 17 तास 20 मिनिटं. मोबाइलने सॅन फ्रान्सिस्कोसाठी सांगितलेला जवळजवळ तेवढाच वेळ गडचिरोलीहून यायला लागला. भावाचं अंतर तिच्या सतरापट, वेळ दुप्पटही नाही. ती आल्याआल्या म्हणाली, "मला वाटलं मीच आधी पोचले असेन, घरात एवढी माणसं असतील असं वाटलंच नव्हतं." मग आत जाऊन आईच्या कुशीत पडली.

बुधवार

रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी विमान दिल्लीला टेकलं. मी जागाच होतो. मुलाशी आधीच ठरलं होतं की तीनदा फोन करायचा: दिल्लीला उतरल्यावर, इमिग्रेशनमधून सुटल्यावर आणि पुढच्या विमानात बसल्यावर. तिसरा फोन येईपर्यंत गावात एकची वेळ पक्की करायची नाही, हे मोठ्या काकांनी स्वतः सगळ्यांना सांगितलं होतं. दुसरा फोन सव्वातीनला आला. बॅग नव्हती म्हणून तो एवढ्यात सुटला, त्याच विमानातले बाकीचे अजून पट्ट्यापाशी उभे होते. तिसरा फोन पाच चाळीसला. "बसलो," एवढंच बोलला. आवाज ओळखू येत नव्हता.

त्याच वेळी इकडे एक घोटाळा होता होता वाचला. त्याला आणायला निघालेला चुलतभाऊ सवयीने दाबोळीच्या दिशेने गेला होता. त्याच्या आयुष्यात विमानतळ म्हणजे दाबोळी. साडेसहाला मी सहज विचारलं, कुठवर आलास, तर म्हणाला, पर्वरी. मी त्याला तिथूनच मागे वळवलं. मोपाच्या दारात तो विमानाच्या आधी अर्धा तास पोचला. तिकिटाची प्रत सगळ्यांना पाठवली होती, पण ती तीन अक्षरं वाचून कोणी दाखवली नव्हती. आता मी गाडीवाल्याला तिकीट पाठवत नाही, नुसतं लिहितो: मोपा.

दिल्लीहून विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटलं. साडेआठच्या पुढे ते पेडण्याच्या वर आलं आणि उतरेना. मोपाचं पठार ढगात बुडालेलं होतं, पाऊस आडवा लागत होता. सोप्यावरून आवाज ऐकू येत होता, दिसत काही नव्हतं. आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो. तेरा हजार किलोमीटर आलेला मुलगा डोक्यावर घिरट्या घालत होता आणि पाऊस कमी झाला नाही तर वैमानिक विमान दुसऱ्या शहरात नेऊ शकतो, हे मला एकट्याला ठाऊक होतं. मी ते कोणाला सांगितलं नाही. शिल्लक ठेवलेले तीन तास मनातल्या मनात खर्ची घालत राहिलो. बेंगळुरूला नेलं तर? सरळ अंतर फक्त 500 किलोमीटर, तासाभराचं. पण तिथून परत यायला दुपारचे तीन.

9 वाजून 5 मिनिटांनी विमान उतरलं. वीस मिनिटांत तो बाहेर आला, पाठीवर एक सॅक. दहाला दहा कमी असताना गाडी फाटकाशी थांबली. वडील गेल्यापासून 28 तास 40 मिनिटं झाली होती. त्यातले 18 तास 50 मिनिटं तो हवेत होता, मोबाइलच्या आकड्यापेक्षा तास-सव्वा तासच जास्त. उरलेले 9 तास 50 मिनिटं कोणत्याच पानावर नव्हते.

साडेअकराला मास्तरांना शवागारातून आणलं. एकला निघालो. काकी आपल्या पायांनी फाटकापर्यंत आल्या.

चौदा दिवसांनी मुलगा परत निघाला. जाताना विमान बहुधा उलट्या अंगाने, पूर्वेकडून जातं. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे 15,300 किलोमीटर झालं, पण वारा पाठीवर असल्याने ते साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. हे मी मुलाला सांगत होतो, तर काकी दारात आल्या. हातात त्याच्यासाठी बांधलेली कोकमं होती.

"किती वेळ लागेल रे त्याला?"

मी म्हटलं, "दिल्लीहून पंधरा-सोळा तास."

"ते विमानाचं झालं," काकी म्हणाल्या. "ह्या उंबऱ्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत सांग."

मी मोजून सांगितलं. अठ्ठावीस तास, आणि तीन तास वरचे धरा. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि कोकमांची पुडी त्याच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात घालून चेन लावली.